बांधावरचं तीर्थ

आमच्या गावात माझ्या नवऱ्याची एक गोष्ट सांगतात. पुरुष सांगतात, बायका सांगतात, माझी स्वतःची मुलगीही सांगते. मी ती ऐकून घेते. त्या गोष्टीतून एक वाक्य गाळलेलं आहे, हे ठाऊक असलेलं माणूस आता एकच उरलं आहे — मी. ते वाक्य आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलं नाही. देवापुढेही नाही. देवापुढे तर नाहीच नाही.

तर हे वाचणाऱ्या तुला सांगते. गाव म्हणतं ते असं — काशिनाथ दारूतून सुटला होता, देवानेच सोडवला होता, अकरा महिने थेंबाला शिवला नव्हता. आणि मग मिठागराच्या बांधावर खाडीच्या देवाला राखण देताना तीर्थ म्हणून घोटभर घेतली आणि पुन्हा बुडाला. मनाचाच कच्चा, दुसरं काय! नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती. आज लिहिलं. राहू दे तसंच.

यात खोटं काय, म्हणशील. घोट घेतला हे खरं. बुडाले हेही खरं. मधलं जे आहे ते सांगायला बसले, आणि पहिल्याच पानावर माझी मीच चिडले आहे. इतकी साधी गोष्ट, दोन ओळींची — ती सरळ का सांगवत नाही? जरा धीर धर. मी येते तिथपर्यंत.

माझं माहेर कल्याणजवळच्या मोहन्याचं. चौथीपर्यंत शिकले, पुढे पुष्कळ वर्षांनी बालवाडीत लागले, म्हणून हाताला लिहायची सवय राहिली. सासर ठाण्याच्या खाडीवर, कळव्याच्या पलीकडे. पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर राबणारं घर. दसरा झाला की बांध दुरुस्त करायचे, मग उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी वर ओढून भरतीचं पाणी आत घ्यायचं, आणि उन्हाळाभर मीठ ओढायचं. टोळीचा म्होरक्या आमच्याच घरचा असायचा. सासरे गेल्यावर ते म्होरकेपण यांच्याकडे आलं.

हे प्यायचे. आधी माडी, मग जे मिळेल ते. सरकारने दारूबंदी केली त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली होती — काय तरी भाबडेपणा! बंदीने दारू गेली नाही, उलट घराजवळ आली. खाडीच्या तिवरांच्या झाडीत भट्ट्या लागल्या, रबरी ट्यूबांत भरून माल गावात येऊ लागला. हे प्यायचे आणि मला मारायचे. ते लपवत नाही. पण त्या माराच्या आड मीही लपणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, पुढचं समजायला ती लागेल. हे बांधावर पडलेले असायचे आणि मी जाऊन उचलून आणायचे. चिखल धुवायचे, कपडे बदलायचे. शेजारणी दारातून बघायच्या. "काय सोसते गो ही पोर," म्हणायच्या. सासूबाईसुद्धा, ज्यांनी उभ्या जन्मात माझं कौतुक केलं नाही, त्या म्हणायच्या, "जित्याची खोड हाय ती, मेल्याबिगर जानार नाय. पन सून लाखाची." मला ते आवडायचं. मार आवडत नव्हता, पण ते बोलणं आवडायचं.

मग एका वर्षी, राखण झाली त्याच्या दुसऱ्याच महिन्यात, टोळीतला एक जण यांना टिटवाळ्याकडे घेऊन गेला. तिथे नदीपलीकडे एक बुवा राहत. बुवा म्हणजे भगवी कफनी नव्हे. कल्याणच्या रेल्वेत इंजिनावर कोळसा मारणारा माणूस, पिऊन पिऊन नोकरी घालवलेला, आणि मग सुटलेला. त्यांच्याकडे पिणारे यायचे, भजन करायचे, नांगरणी-लावणी करायचे आणि राहायचे. हे पंधरा दिवस राहून परत आले ते वेगळेच माणूस.

बुवांची एक रीत होती. ते शपथ घेऊ द्यायचे नाहीत. देवाच्या पायावर हात ठेवून "सोडली" म्हणणाऱ्याला ते हाकलून द्यायचे. म्हणायचे, शपथ घेणारा स्वतःच्या जोरावर उभा राहतो, आणि तुझा जोर तर बाटलीने कधीच खाल्ला. तू फक्त म्हण, देवा, माझ्याने होत नाही. आणि दारूच्या बाबतीत स्वतःच्या मनाला यापुढे काही विचारायचं नाही. ज्या माणसाचा तू सगळ्यात जास्त अपराधी आहेस, त्याला रोज सकाळी विचार. ते सांगेल तसं कर. त्याच्या तोंडून देव बोलतो असं समज.

ते माणूस म्हणजे मी.

रोज सकाळी मी चुलीपुढे भाकऱ्या भाजत असायचे. हे आंघोळ करून यायचे, हात जोडून समोर उभे राहायचे आणि विचारायचे, "आज घेऊ का?" मी म्हणायचे, "आज नको." की हे मिठागरावर जायचे. बस, एवढंच. अकरा महिने, एक दिवस न चुकता. तुला हसू येईल, पण माझ्या भावाच्या हळदीला मी चार दिवस आधी माहेरी गेले, तर हे रोज सकाळी गाडीने कल्याणला उतरून पायी मोहन्याला हजर. फक्त विचारायला! आमच्या लोकांत हळद म्हटली की दारू आलीच, बंदी असो की नसो. हे मांडवाबाहेर उभे, आतून बायका हसतायत — करून करून भागला आणि देवपूजेला लागला. मी हळदीच्या हाताने बाहेर येऊन "आज नको" म्हणायचे. लाज वाटायची. आणि खरं सांगू? आतून गुदगुल्याही व्हायच्या.

पण तुला कुणी रोज देव केलं तर तू काय करशील? पहिले दोन-तीन महिने मी घाबरून उत्तर द्यायचे, झटकन. मग चिडायला लागले. मला ताप असला तरी विचारायचं. सासूबाईंशी भांडून मी रडत असले तरी विचारायचं. मला कसं वाटतंय, हे कधी नाही. फक्त "आज घेऊ का?" मग मी उत्तराला वेळ लावायला लागले. भाकरी उलटायची, पीठ चाळायचं, विस्तव सारखा करायचा. हे हात जोडून उभे, कपाळावर घाम. मी बघायचे. एकदा तर भाकरी करपेपर्यंत बोलले नाही. मग म्हणाले, "आज नको." हे माझ्या पाया पडले. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

आता इथे थांबायला हवं होतं मला. तेव्हाच कुणाला तरी सांगायला हवं होतं.

दसऱ्याआधीच्या एकादशीला गावच्या मारुतीच्या देवळात भजन होतं. बुवा आले होते. भजन संपल्यावर बुवांनी यांना उभं केलं आणि म्हणाले, ओझं उतरव. हे बोलायला लागले. काय काय केलं ते सगळं. मला लाकडाने मारलं ते. भाताचं पातेलं अंगणात फेकलं ते. मी डोक्यावरचा पदर खाली ओढून बसले होते. आणि मग हे म्हणाले, चार वर्षांपूर्वी हिला सहावा महिना होता, मी लाथ मारली, पोर गेलं. मुलगा होता.

ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. पाय घसरून पडले, असं सांगितलं होतं. आमच्या दोघांनाच ठाऊक होतं ते, आणि आम्ही दोघंही त्यावर कधी बोललो नव्हतो. तो माझा मुलगा होता. मी एकटीने त्याला चार वर्षं मनात ठेवलं होतं. आणि यांनी तो देवळात साठ माणसांपुढे काढून ठेवला. मला विचारलं होतं का? रोज सकाळी एक प्रश्न विचारणाऱ्या माणसाने हा एक प्रश्न विचारला नाही.

हे रडले. गाव रडलं. म्हातारे पुरुष उठून यांच्या गळ्यात पडले. मग हे माझ्याकडे वळले, जमिनीवर डोकं टेकलं आणि म्हणाले, मला क्षमा कर. सगळं देऊळ माझ्याकडे बघायला लागलं. काय करणार होते मी? मान हलवली. तेवढ्यात कुणीतरी टाळ वाजवला आणि जयजयकार झाला. घरी येताना बायका म्हणत होत्या, "नशीब काढलंस गो, असा नवरा मिलाया पुन्याई लागते." सून लाखाची म्हणणाऱ्या सासूबाईही लेकाच्याच कपाळावरून हात फिरवत होत्या.

माझा संताप कुणाला दिसलाच नाही. चार दिवसांनी मी एकटी टिटवाळ्याला गेले, बुवांपुढे उभी राहिले आणि म्हटलं, तुम्ही त्यांचं ओझं उतरवलंत, ते कुठे टाकलंत बघितलंत का? बुवा वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला आधी पाणी दिलं. मग म्हणाले, "बाई, आता तुम्हीपण सोडा. देवावर सोडा." सोडा! ज्याच्या हातात काठी होती त्याने सोडली की त्याला हार घालतात. जिच्या पाठीवर वळ आहेत तिने काय सोडायचं? मी परत आले. मनात इतकी आग होती की स्टेशनपासून घरापर्यंत कधी पोचले ते कळलं नाही.

हे मी कारण म्हणून सांगते आहे असं तुला वाटेल. नाही. राग खरा होता, पण राग हजार बायकांना येतो.

आता राखणीचं सांगते. उघाडीजवळ बांधावर शेंदूर फासलेला एक दगड आहे. तो खाडीचा राखणदार. पाणी आत घेण्याआधी त्याला कोंबडा, नारळ आणि दारू द्यायची. बाटलीतली धार दगडावर धरायची आणि उरलेल्यातला पहिला घोट तीर्थ म्हणून म्होरक्याने घ्यायचा, मग टोळीने. म्होरक्याने घेतला नाही तर बांध फुटतो, असं मानायचे. त्या वर्षी सगळ्या गावाला एकच प्रश्न होता, काशिनाथ काय करणार?

आदल्या दिवशी दुपारी गावचे भगत घरी आले. राखण तेच घालायचे, त्यांचा शब्द शेवटचा. हे बांधावर कामाला गेले होते. भगत ओटीवर टेकले आणि मला म्हणाले, "काशिनाथाला सांग, घोर करू नको. शेजारच्या मिठाच्या आगरात गेल्या सालाला नारलाच्या पान्यावं भागलं. मी देवाला इचारलाय. धार दारूची, पन तीर्थ नारलाचं. मी शहालं घेऊन येतंव." मी "सांगते" म्हटलं. पाणी दिलं. ते गेले.

मी सांगितलं नाही.

विसरले, असं म्हणता आलं असतं. नव्हते विसरले. संध्याकाळी हे जेवत होते, समोरच बसले होते मी, भात वाढत. यांना घास गिळवत नव्हता. मला दिसत होतं की ह्यांचा जीव टांगणीला लागला आहे. एक वाक्य बोलले असते तर हे पोटभर जेवले असते. मी कालवण वाढलं आणि उठले.

सकाळी नेहमीप्रमाणे विचारलं, आज घेऊ का. मी म्हटलं, आज नको. तुला वाटेल, मग झालं की! पण तसं नव्हतं. उंबऱ्याबाहेर पडताना हे माझ्याकडे वळून बघत होते, आणि मला कळत होतं की आज हे पुन्हा विचारणार.

बांधावर टोळी जमली होती. ढोल वाजत होता. घरची सून म्हणून राखणीचं ताट मीच घेऊन गेले, दगडाजवळ ठेवलं. भगतांच्या पायाशी सोललेलं शहाळं होतं. बाटलीची धार धरून झाली. टोळीतल्या एकाने उरलेली वाटीत ओतून यांच्या हातात दिली, तो वास आला. भगत शहाळ्याला हात घालणार तेवढ्यात थांबले, यांच्याकडे बघत. त्यांना वाटलं असणार, काशिनाथाला सांगून झालं आहे, आता तो वाटी बाजूला ठेवील आणि शहाळं मागील. ह्यांना तर शहाळं कशासाठी आहे तेच ठाऊक नव्हतं. ह्यांनी माझ्याकडे मान वळवली. ढोलामुळे कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं, "घेऊ का गो?"

आणि डोळे — ते डोळे माझ्याकडे "नको" मागत होते. एवढं मला दिसत होतं. अकरा महिने रोज सकाळी पाहिलेले डोळे होते ते, मला त्यांची चूक होणार नाही.

मी म्हटलं, "घ्या. देवाचा मान हाय."

हे ते वाक्य.

देवाला भिऊन म्हटलं का? नाही. बांध फुटेल म्हणून? नाही. मला त्या क्षणी राखणदार आठवलाही नाही. मला देऊळ आठवलं, टाळ आठवला, आणि वाटलं, आता बघू दे गावाला. यांनी घोट घेतला. भगतांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली बघितलं. त्यांनी शहाळं तसंच उचलून ताटात ठेवलं. ढोल वाजतच होता. लोकांनी मग उघाडी उघडली आणि पाणी आत आलं.

त्या दिवशी हे आणखी प्यायले नाहीत. घरी आले, भिंतीला टेकून बसले, मुलीला मांडीवर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपुढे होते. भाकरी भाजत होते, कान मागे. हे आंघोळ करून बाहेर आले, टॉवेल दोरीवर टाकला आणि समोरून निघून गेले. विचारलं नाही. मी हाक मारायला हवी होती ना? तीन पावलांवर होते. हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी तिवरांतून लोकांनी उचलून आणलं.

भगतांनी गावात सांगितलं की त्यांनी निरोप पाठवला होता, काशिनाथानेच ऐकलं नाही. त्यांच्या परीने ते खरंच बोलले. ते यांच्या कानावर आलं की नाही, मी कधी विचारलं नाही. बुवांनी दोनदा माणूस पाठवला. हे गेले नाहीत. म्हणायचे, देवाने परीक्षा घेतली, मी हरलो, आता कोणत्या तोंडाने जाऊ? तेव्हाही वेळ होती. "तुम्ही हरला नाहीत, तुम्ही विचारलंत आणि मी हो म्हटलं" — एवढं मी सांगितलं असतं तर हे उठून टिटवाळ्याला गेले असते, मला खात्री आहे. पण मग बुवांना कळलं असतं. गावाला कळलं असतं. आणि इकडे बायका पुन्हा दारातून म्हणायला लागल्या होत्या, काय सोसते गो ही.

पुन्हा मारलं नाही यांनी, ते राहिलंच सांगायचं. शेवटपर्यंत हात उचलला नाही. प्यायचे आणि कोपऱ्यात बसायचे.

तीन वर्षं गेली. पोटात पाणी झालं, डोळे पिवळे झाले. ठाण्याच्या इस्पितळातून घरी न्यायला सांगितलं. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. ती आज दोन मुलांची आई आहे, आणि मुलांना सांगते, तुमचे आजोबा देवाचं नाव घेऊनही सुधारले नाहीत. मी तिथेच बसलेली असते.

एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मी यांना पेज भरवत होते. यांनी माझं मनगट धरलं, चमचा बाजूला केला. आवाज गेला होता, वाकून ऐकावं लागलं.

"तुला एक सांगाचं हाय. बांधावं तुला इचारलं ना, ते खोटं इचारलं. मना हवी व्हती. वास आला नि मना हवीच झाली. तू देवाला भिऊन हो म्हनशील हे मना म्हाईत व्हतं. तुज्या तोंडातून हो काढून घेतला मी. तुला फसवलं. तुजा काय बी दोस नाय. मना माफ कर."

तेव्हा देऊळ नव्हतं, टाळ नव्हते, कोणी बघत नव्हतं. मी आणि ते. खरं सांगायला माझ्याजवळ वेळ होता, पेज अजून गरम होती.

मी म्हटलं, "केलं माफ."

त्यांनी हात जोडले.